रेघ खांद्यातून

—खोडरबर? ठेव ते थैलीत. माह्या शिकवनीत खोडरबर चालत नाई, कोकिळा. साऱ्या देवळीले मालूम आहे, वासुदेव मास्तरकडे चुकली रेघ तशीच राह्यते, तिच्या बाजूले दुसरी काढा लागते. हा जुना पेपर पसर. पेन्शिल अशी दाबू नोको, ढिली धर—मनगट नाई, पुरा हात खांद्यातून फिरला पाह्यजे. दोन ठिपके दे, वीतभर दूर. आता जोड. नजर पेन्शिलीवर काऊन? पुढच्या ठिपक्यावर ठेवजो, हात आपोआप जाते तिथं. चाळीस उभ्या, चाळीस आडव्या, मंग गोल. चित्र? चित्र महिनाभर नाई. ड्रॉइंगच्या परीक्षेले बसाचं आहे ना तुले? मंग काढ मुकाट्यानं.

त्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे नोको पाहू. नलूचे कागद आहेत ते. माही पोरगी. तुह्यापेक्षा सात वर्सानं मोठी असती आज. गोल असा काढे का बांगडी ठेवून काढला म्हनशीन. अन त्या साली—एकोनऐंशी—परीक्षा जवळ आली अन तिची रेघ ठिपका सोडून बाजूले जाऊ लागली. गोलाचं तोंड मिळेना. म्या म्हनलं, चित्त नाई ठिकानावर. दुसरं काय म्हनू? बारा वर्सं पोट्टे शिकवले होते, मले आळस समजते. कागदावर रोज तारीख टाकाची, ही माही शिस्त, अन खाली माहा लाल शेरा—'निष्काळजी.' 'पुन्हा काढ.' एक दिवस म्हने, बाबा, मले ठिपके दोन-दोन दिसून राह्यले. म्या म्हनलं, मंग दोन्ही जोड. हासलो होतो मी, खरं सांगतो, हासलो होतो. सकाळी उलट्या व्हायच्या तं म्हनलं, बहाने. गोल जुळल्याबिगर ताट वाढाचं नाई, असं तिच्या मायले बजावलं होतं. तीन महिने.

मंग अंगनात उभ्याउभ्या पडली, तवा सेवाग्रामले नेली. विमलनं—तिच्या मायनं—घाईत भाकरी बांधल्या त्या याच सरावाच्या कागदात. डॉक्टरनं आधी पोरीले तपासलं, मंग त्याची नजर गेली त्या तेलकट कागदावर. भाकरी बाजूले ठेवल्या, कागद हातानं दाबून सरके केले, तारखेवार लावले खाटीवर. जून, जुलै, ऑगस्ट. लय वेळ पाहत होता. म्हने, "हिला जूनमध्येच आणायला हवं होतं. हे लाल शेरे कोणाचे?"

म्या सांगतलं—तिच्या मास्तरचे.

खोटं नाई ना? मास्तर मीच होतो. विमलनं मोकळ्या भाकरी पदरात बांधल्या. नागपूरले डोक्यातली गाठ निघाली, पोरगी परत आली नाई. विमल माहेरी आंजीले गेली, सात वर्सं झाली, तिथंच आहे. ते शेरे बापाचे होते, हे तिनं कोनाले सांगतलं नाई. म्याई नाई सांगतलं. आज तुले काऊन सांगून राह्यलो मी?

थांब. दाखव तो पेपर. ही रेघ वाकडी काऊन गेली? अन ही? हात कापते तुहा. आधीपासून कापते का आता, माहं ऐकून? डोकं दुखते? ठिपका एकच दिसते ना? मान नोको हालवू, तोंडानं सांग. भेली तू? भेली म्हनूनच कापून राह्यली ना? सांग ना बाई—मले कागदावरून नाई समजत, तवाई नाई समजलं. उचल ते थैली. घरी जाय. उद्या येऊ नोको.