उगाच चालायचं

...आणि वर डॉक्टर म्हणतात, उगाच चाला! उगाच? आवो, कुडपणच्या डोंगरात जन्म गेला माझा, चढलो, उतरलो, गुरांमागं धावलो... पण उगाच? तुम्हाला सांगतो, कामाशिवाय चालणं लय अवघड!

झालं काय, मला साखरेची बिमारी, गोळी चालू. एकदा गोठ्यात चक्कर येऊन पडलो, तसा पोरगा भरत मुंबईवरनं आला नि मला पोलादपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमची साखर वाढते, पण गोळी घेऊन उपाशी राहिलात की एकदम उतरते. सकाळी खाऊन घ्या, मग अर्धा तास चाला. खिशात गूळ ठेवा. थरथर सुटली, घाम फुटला, की लगेच तोंडात!" वाढली तर गोळी, उतरली तर गूळ... ही साखर हाय का आंबेनळी घाटातली एस्टी?

बाहेर येऊन भरत म्हणतो, "बाबा, परत पडलात ना, तर म्हशी विकून टाकतो नि तुम्हाला, आईला डायरेक्ट मुंबईला नेतो. नो टेन्शन!"

नो टेन्शन म्हणे! बाराव्या माळ्यावर मी चारा कुणाला घालू?

म्हणून निघालो चालायला. दोन घरं ओलांडली नाय, तोच ओट्यावरनं श्रीपत, "भागोजीदा, कुठं निघालात?" आमच्याकडं असं विचारलं की जागा सांगावी लागते. मी म्हटलं, कुठं नाय, उगाच. झालं! म्हाताऱ्याचं घरात वाजलं समजून श्रीपतची बायको माझ्या ठमीची समजूत घालायला हजर! सांगितलं ना, कामाशिवाय चालणं लय अवघड!

दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, भाकर परत येऊन खाऊ म्हटलं नि निघालो. श्रीपत ओट्यावर होताच. "कुठं निघालात?" मी बोलून गेलो, "रेडकू हरवलंय रे!"

तसा तो उठला, हाका घातल्या, पाच-सहा गडी काठ्या घेऊन तयार! आता खरं सांगायची शरम... चला म्हटलं. अर्धा तास कसला, ऊन डोक्यावर आलं! दरीत उतरलो, वर चढलो, माझंच रेडकू, मीच हाका मारतोय! आणि आपल्या कामाला आलेल्या माणसांना गूळपाणी द्यायला नको? खिशातला खडा काढला, फोडून वाटला. मला? कणीसुद्धा उरली नाय.

देवळाशी आलो नि हात लागले थरथरायला, अंग घामानं चिंब, तोंडातनं नुसतं "हूं... हूं..."

श्रीपत ओरडला, "अरे, वारं आलं! भागोजीदाच्या अंगात वारं आलं!"

सगळे हात जोडून खाली बसले! मी आपला म्हणतोय, "साखर... साखर..."

"मिळंल देवा, मिळंल! पयलं सांगा, रेडकू कुठं हाय?"

जीव जायची वेळ, तवा खोटं सुचतंय होय कुणाला? बोललो, "गोठ्यात..."

"द्या रे देवाला साखर!"

पुजाऱ्यानं मूठभर साखर तोंडात कोंबली, तेव्हा माणसं ओळखू यायला लागली. तोवर एक गडी गोठ्याकडनं धावत आला, "हाय! गोठ्यातच हाय! खुंट्याला बांधलेलं!"

"बघा," श्रीपत म्हणतो, "देवानं बांधूनसुद्धा ठेवलं!"

संध्याकाळी भरतचा फोन. "आई, बाबा परत पडले काय गो?" ठमी ठसक्यात म्हणाली, "पडले नाय, वारं आलं!" तसा तो हळूच म्हणतो, "आई, बाबांना विचार ना, माझं प्रमोशन कधी होईल?"

मुंबई टळली बघा! म्हशी राहिल्या, आणि चालायलाही काम लागलं. कुणाची शेळी हरवलेली, कुणाचा बैल, रोज सकाळी माणसं दाराशी. पण ठमी न्याहारीच देत नाय! "अवो, देवाचं काम. उपाशीपोटीच जायाचं!" डॉक्टर म्हणतात खाल्ल्याबिगर पाऊल उचलू नका, ही म्हणते खाल्लंत तर देव यायचा कसा?

म्हणून मी पहाटेच टमरेल घेऊन करवंदीच्या जाळीमागं जातो. गावाला वाटतं, म्हातारा परसाकडं गेला. मी तिथं बसून टमरेलात लपवलेली रातची भाकर खातो...

काय करता! देव झालो, आता चारचौघांत जेवायची सोय राहिली नाय.