पिस्तुलाच्या पेटीतला इकामा

खरं बोलून माणूस कसा अडकतो ते मला विचारा. मी सौदीत, खमीस मुशैतला वेल्डिंग करतो. अबू फहद नावाच्या गिऱ्हाइकाकडे लायसन्सचं पिस्तूल होतं. ते ठेवायला त्याला गाडीत, सीटखाली लोखंडी पेटी हवी होती. म्हटलं, पिस्तूल घरी ठेवा, गाडी तेवढी आणा.

पेटी बोल्ट मारून पक्की बसवली, तरी त्यानं विचारलंच, "कुलूप टिकेल ना?"

मी चिपळूणचा. कामावर शंका घेतली की माझं डोकं फिरतं. खिशातला इकामा, म्हणजे माझा इथला राहायचा परवाना, पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. "आता ओढून बघा."

त्यानं दोन्ही हातांनी ओढलं, खूश झाला आणि गाडी घेऊन गेला.

तासाभरानं मी चहाला निघालो, तर कोपऱ्यावर पोलिसानं अडवलं. "इकामा?"

"पिस्तुलाच्या पेटीत आहे."

अबू फहदला फोन लावला, तो येईपर्यंत मी पोलिसाच्या गाडीत बसून होतो. त्यानं येऊन पेटी उघडली, इकामा दिला, आपलं लायसन्सही दाखवलं. पोलिसानं सगळं नीट पाहिलं आणि मला शांतपणे म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या गाडीत राहिला, एवढंच सांगितलं असतंस तर?"