सुटा बूट मिळत नाही

नाही, सुटा नाही मिळत. बूट काय सुटे विकतात होय? जोडीच घ्यावी लागेल, दारावर तसं लिहिलंय, आणि तुम्ही ते वाचूनच आत आलात, मी बघत होते. कुणी पाठवलं तुम्हाला? कोण म्हणालं, त्या बाईकडे जा, तिच्याकडे एका पायाचा मिळतो? — नाही सांगायचं? बरं, नका सांगू. मग मीही काही सांगणार नाही.

बसा तरी. तिथं उभं राहून पडद्याकडे बघू नका, आत काही नाही, नुसती खोकी आहेत. भावाला हवाय म्हणता. स्कूटरवरून पडला. हं. मी काही पोलीस नाही, पण या गावात पेट्रोलचा थेंब दिसतो का कुणाला? सगळं आघाडीवर जातं — आणि जायलाच हवं, मी कुठं नाही म्हणतेय — माझी स्वतःची स्कूटर मागच्या अंगणात आहे, तिच्या सीटवर मांजर झोपतं. आणि माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मात्र स्कूटरवरून पडलेलं. एकजण तर म्हणाला, स्कूटर उभीच होती हो. मी हसले नाही. हसायचं नसतं, पैसे घ्यायचे आणि कागदात गुंडाळून द्यायचं. — म्हणजे जोडी. जोडी गुंडाळून द्यायची.

लढाईचं म्हणाल तर मी बाजूनेच आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवते. पूल जिंकल्याची बातमी रेडिओवर आली, आपल्याकडच्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही म्हणाले, तेव्हा चौकात सगळ्यांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या, विचारा. मीच. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खिडकीतून बघत होत्या, कोण वाजवतंय, कोण हात बांधून उभं आहे. त्या बघतात म्हणून मी वाजवते, मी बघते म्हणून त्या वाजवत असतील — नाही, तसं नाही म्हणायचं मला. सगळे मनापासून वाजवतात. शंभर जणांना विचारलंत तर शंभरही म्हणतील, चालू राहू दे. आणि मग दुपारी, दुकानात कुणी नाही असं बघून, त्यातलाच एखादा येतो, आवाज खाली करतो, मावशी, एकच मिळेल का?

तुमच्या पायातले बूट आमच्या गावातले नाहीत. राग मानू नका, धंद्यामुळे नजर आधी पायाकडेच जाते. चांगले आहेत, चामड्याचा तळ आहे. सरकारी कचेरीत नोकरांना वाटतात तसले. असाल तुम्ही नोकरीला, नोकरदारालाही भाऊ असतो. पण मागे असाच एकजण समोरच्या शिंप्याकडे आला होता, गोड बोलणारा. शिंपी भोळा. विजारीचा एक पाय कापून शिवायची कामं त्याच्याकडे ढीगभर, तर बोलून गेला बिचारा, कापून कापून हात दुखतात हो. झालं. त्याला बोटही लावलं नाही कुणी, पुतण्याला नेलं. कुबडीवर चालायचा पोरगा. लोकांच्या नजरेला नको म्हणून आरामकेंद्रात ठेवलाय म्हणे — कुठल्या, ते सांगत नाहीत, भेटू देत नाहीत. शिंपी अजून मशीनवर बसतो, नुसतं पायडल मारतो, सुईत दोरा नसतो. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय.

नंबर काय म्हणालात, नऊ? पूर्वी नऊ घालायचा ना, मग आता दहा लागेल. सगळा भार एकाच पायावर येतो, संध्याकाळपर्यंत सुजतो तो. आणि नाडीचा नका नेऊ, बांधायला वाकलं की तोल जातो, पडतात, आणि आपण उचलायला धावलो तर आपल्यावरच ओरडतात — कसं माहीत म्हणजे? गिऱ्हाईकं सांगतात. माझा मुलगा आघाडीवर आहे. उत्तम आहे. पत्रं येतात.

अहो. रडताय काय? हे घ्या, पाणी प्या. मला नाही बघवत असं. — पुलावर होता का तुमचा भाऊ? नुसती मान हलवा, बोलू नका. — माझाही होता. दवाखान्यातून सोडताना त्यांनीच पढवलं, विचारलं तर स्कूटर म्हणायचं. आणि आमचा म्हणतो, आई, मला स्कूटर येत कुठं होती? उजवा गेला, गुडघ्याखाली. तेव्हापासून पडद्याआड बसून असतो, दुकानात कुणी आलं की श्वाससुद्धा जपून घेतो. परवा परत कुठलंसं गाव जिंकलं, मी पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या, आत आले तर म्हणतो, आई, एवढ्या गर्दीत तुझ्या टाळ्या मला वेगळ्या ओळखू येतात. मी खोकी लावत बसले.

तुमच्या भावाचा कुठला गेला, दादा? डावा? मग बघा, देवानेच पाठवलं तुम्हाला. माझ्या पोरालाही दहाच लागतो. ही एकच जोडी आहे दहाची, बिननाडीची. तुमचा तुम्ही उचला, दुसरा त्याला होईल, आणि पैसे निम्मेच द्या. घ्या ना, लाजू नका.

— तो नाही.

तो डावा आहे. डावा पाय गेला म्हणालात ना, मग डाव्या बुटात काय घालणार तो? — हो, होतं असं, घाईत होतं. — नाही होत. ज्याच्या घरी असा माणूस आहे ना, त्याचा हात झोपेतसुद्धा चुकत नाही.

ठेवा तो खाली. सुटा मिळत नाही. मी एकटीच राहते इथं, साहेब, आणि एकटं राहून माणूस काहीही बडबडतं. बोलले ते मी बोलले, न्यायचं तर मला न्या, मी शटर ओढून येते. — नाही, पडद्याकडे नका जाऊ. रस्त्याचं दार तिकडे आहे. तिकडे, साहेब. साहेब —