बारावा खड्डा

…न्हाई अप्पा, टॅक्टर बांधाच्या, धुऱ्याच्या आत आणायचं न्हाई. तिथंच राहू द्या, बाभळीपाशी. कागद हाय तुमच्याजवळ — असंल की, शिक्का असंल, सायबाची सही असंल — मला वाचता येत न्हाई आन वाचून घ्यायचा बी न्हाई. टॅक्टर बंद केलं ते बरं केलं. नाव काय म्हणलात? मन्मथअप्पा. पाथरीचे. बरं, म्हणजे तुमाला इथलं काईच ठाऊक न्हाई. तुमाला नुसतं सांगितलं, पेडगावला माझ्या, सारजाबाईच्या रानात कुंपणाचे खड्डे अर्धे राहिलेत, गिरमीट घेऊन जा आन पाडून या. राहिले कामून, हे सांगितलं का कुणी? न्हाई सांगितलं. तोंड बघूनच कळायलंय. मग मी सांगते, आन ऐकून झालं की आल्या वाटेनं जा.

हे जे पलीकडं रान दिसायलंय ना, विहिरीपस्तोर, ते बन्सीधरचं. आमी त्याच्या बापाचे कूळ. निजामाच्या राज्यात आमचे मालक, माझे घरधनी, त्याच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायचे. दोन साल झाले, कुळकायद्यात हे सात एकर आमच्या नावावर झाले, आन तवापासून त्याची जनावरं रोज आमच्या ज्वारीत. हाकलायला गेलं की म्हणायचा, बाई, जनावराला काय कळतं, ते आपलं जुन्या वाटेनं जातं. लय गोड बोलायचा. मग सरकारनं बियाण्याच्या ज्वारीसाठी हेच रान निवडलं — आमच्या मालकांची मेहनत बघून निवडलं, फुकट न्हाई — आन म्हणले, तारेचं कुंपण पाहिजे. तार आली, खांब आले, मागनं हे आलं. टॅक्टरच्या पाठीला बांधलेलं गिरमीट. सुताराचं असतं तसंच, फक्त माणसाएवढं. सारं गाव बघायला जमलं. बन्सीधर बी आला, चार माणसं घेऊन धुऱ्यावर बसला.

वैशाख होता. ह्या खालच्या अंगाला वढ्याची वल हाय, माती मऊ, तिथं अकरा खड्डे दुपारपस्तोर झाले — दांडा खाली सोडायचा, फिरवायचा, माती वर, झालं. मालक एवढे खूश, दर खड्ड्यात वाकून बघायचे. मग वर चढ लागला, मुरूम लागला. हा बघा, हा बारावा. वीतभर गेलं आन थांबलं. नुसतं गरगर फिरायलतं, आत जाईना. खड्ड्याची कड घासून घासून आरशासारखी झाली, जळका वास यायला लागला. आमचे मालक म्हणले, मिस्त्री, आज ऱ्हाऊ द्या. चार घागरी पाणी वततो, रातभर मुरू द्या, सकाळी मी पहारीनं तोंड फोडून देतो, मग लावा तुमचं गिरमीट. चूक होतं का ते? तुमी रोज हे काम करता, तुमीच सांगा. न्हाई ना? मान हलवायलात. मग त्या राधाकिशन मिस्त्रीला कामून कळालं न्हाई? त्याला दिवस मावळायच्या आत ताडकळसला जायचं होतं. तो म्हणला, पाण्याचं काम न्हाई, वजनाचं काम हाय. सटवाजीराव, तुमी ह्या वरच्या आडव्या दांड्यावर बसा, म्हणजे ते खाली दबंल. भेटला कुठं तर विचारा त्याला. कुठं हाय आता तो? ठाऊक न्हाई म्हणता. तुमा लोकांना एकमेकाचं कधीच ठाऊक नसतं.

मग मालक चढले. दांड्यावर बसले, मिस्त्रीनं सुरू केलं, गिरमीट जरासं खाली गेलं. मुरमाचे दाणे उडायलते. आन मग एकदम दगड लागला असंल — सारं हिसकलं. ह्यांच्या उपरण्याचं टोक त्या फिरत्या लोखंडात गेलं. गेलं म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं, उपरण्यामागं हात गेला. मिस्त्रीनं बंद केलं, न्हाई असं न्हाई, पर तवर जे व्हायचं ते झालतं. बैलगाडीत घालून नेलं परभणीला. डाक्टरानं उजवा हात कोपरापासनं काढला. जीव वाचला. लोक म्हणतात, जीव वाचला हे काय कमी हाय. मी म्हणते, ज्याचा हात गेला त्याला विचारा ना.

तसं त्यांना विचारलं बी. बयान घ्यायला माणूस आला होता, दवाखान्यात, खाटेपाशी बसून लिहायलता. मी म्हणलं आता हे सांगतील, मिस्त्रीनं बसवलं म्हणून. ते म्हणले, "कुणाचा दोष न्हाई. माझाच पाय घसरला." एवढंच. त्यानं लिहून घेतलं, डाव्या हाताचा अंगठा घेतला, गेला. मिस्त्री सुटला. बन्सीधर गावात सांगत फिरायलाय, पाय घसरला सटवाजीचा, सवय न्हाई हो सरकारी घोड्यावर बसायची.

पाय घसरला न्हाई अप्पा. मी समोर उभी होते, इथं, तुमी हात जितका लांब करचाल तितक्यावर.

आन ते लगेच चढले, असं बी न्हाई. मघाशी म्हणलं मी तसं, पर तसं न्हाई. मिस्त्रीनं बसा म्हणलं तवा ते उभेच राहिले. त्या लोखंडाकडं बघत राहिले. भ्याले न्हाई — शाना माणूस हाय, बघून मग पाय टाकतो. धुऱ्यावर ती चार माणसं हसायलती. बन्सीधर हसत न्हवता, नुसता बघायलता, ते जास्ती लागलं मला. ह्याच्या दारावरून चपला हातात घेऊन गेलेला माणूस आज ह्याच्यासमोर उभा राहून मागं सरकायलाय, एवढंच माझ्या डोक्यात. आन मी म्हणले. साऱ्या गावादेखत म्हणले, "तुमाला व्हत नसंल तर सरका, मी चढते."

काय म्हणलात? काई म्हणू बी नगा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आन चढले. चढताना खांद्यावरचं उपरणं त्यांनी कमरेला गुंडाळलं, घाईत, आन एक टोक तसंच लोंबत राहिलं. मला दिसलं. एरवी मी म्हणले असते, अवं, ते खोचा. रोज सांगते, मोट हाकताना सांगते, कडबा बांधताना सांगते. पर मी आत्ताच एवढं बोलले होते, आन आता लगेच काळजी करायची, त्या माणसांसमोर — जबान उचलली न्हाई. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी दाबून धरला.

आन त्यांनी बयानात सांगितलं, पाय घसरला.

चार महिने झाले. त्या दिवसाबद्दल एक शब्द न्हाई. पहिले भाकर करपली तर ताट सरकवायचे, ओरडायचे. आता कोळसा वाढला तरी डाव्या हातानं गुमान खातात आन म्हणतात, झालं माझं. मारलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या, तरी चाललं असतं. मला वाचवलं त्यांनी, माझी इज्जत राखली, आन ते माझ्या उरावर ठेवून दिलं. मी म्हणलं, एकदा तरी म्हणा, तुझ्यामुळं. ते म्हणले, ज्वारीला निंदण आलं असंल, बघून ये. त्यांनी स्वतः रानात मात्र पाऊल टाकलं न्हाई. हे पुढचे सहा खड्डे दिसायलेत ना, ते मी पाडलेत. पाणी वतून, पहारीनं, एकेकाला दोन-दोन दिवस. हात बघा. राहिलेले बी मीच पाडीन. तुमचं गिरमीट ह्या रानात फिरायचं न्हाई.

तर झालं सांगून. लावा टॅक्टरला दांडी, करा सुरू आन निघा. सायबाला सांगा, बाई यडी हाय.

थांबा. बंद करा. बंद करा म्हणते ना अप्पा, ऐकू येईना. ते बघा, वढ्याच्या कडंनं कोण यायलंय — रिकामी बाही हालायलीय. आवाज ऐकून निघाले असतील. हाक मारायलेत. म्हणायलेत, मिस्त्रीला जाऊ देऊ नको, खड्डे पाडून घे.

मला म्हणले. ऐकलं ना तुमी, वैशाखापासनं पहिल्यांदा खड्ड्याचं नाव काढलं, ते मला.

न्हाई, तुमी जा. ते येऊ द्या इथपस्तोर, त्यांच्या पायानं. त्यांना काय सांगायचंय ते मिस्त्रीला न्हाई, मला सांगतील, ह्या मुरमावर बसून सांगतील, आन मी ऐकून घेईन. चार महिन्याचं हाय, लय वेळ लागंल. तुमचं इथं काम न्हाई. जा.