सख्ख्या मामाला अडवलं तवा

तुमाला वाटतं शूटिंगवर नुसती मजा असती? मग माझा येलदरीचा पहिला दिवस ऐका. माझं काम एवढंच, की धरणाच्या रस्त्यावर उभं राहून माणसं अडवायची. आमच्या दिग्दर्शकाच्या सहायक बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "शॉट चालू असताना जागा सोडायची नाही, आवाज होऊ द्यायचा नाही, आणि ओळखीचं कुणी आलं तरी आत सोडायचं नाही."

नायिकेचा रडायचा शॉट सुरू झाला आणि समोरून फटफटीवर कोण यावं? बोरीचा माझा सख्खा मामा, दुधाच्या कॅनसगट. तो हॉर्न वाजवणार, तेवढ्यात मी गाडीची किल्लीच काढून घेतली.

"ए पोरी, दूध नासायलंय माझं!"

"हळू बोला मामा. शॉट चालू हाय."

मामा तापट, पण तिकडं नायिका रडताना बघून त्यानंही आवाज खाली घेतला. मग आमचं सगळं भांडण कुजबुजतच झालं.

"सख्ख्या मामाला अडवतीस?"

"आता कुणीच जाणार न्हाई."

शेवटी त्यानं ठेवणीतलं काढलं. "मग तुझ्या लग्नात मी तुझ्या मागं उभा ऱ्हाणार न्हाई!"

"नका ऱ्हाऊ. पण आता हितं उभं ऱ्हा."

मामा लालबुंद झाला. तेवढ्यात त्याच्या मागून एक ट्रॅक्टर धडधडत आला. मी पुढं व्हायच्या आत मामाच दोन्ही हात पसरून त्याला आडवा गेला आणि ड्रायव्हरला दबक्या आवाजात म्हणाला,

"बंद कर ते. मह्या भाचीचा शॉट चालू हाय."