भोंग्याचं तोंड

गोराईच्या होडीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढचं जोडपं बोरीवलीच्या गुरांच्या डॉक्टरकडून परतत होतं. तिच्या टोपलीत मान टाकलेली कोंबडी, त्याच्या शर्टावर नवरात्र मंडळाचा बिल्ला.

“लस दिली होती ना? मग आजारी कशी पडली?”

“डॉक्टर बोलला ते ऐकलं नाहीत? रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. जनावर सारखं घाबरलेलं राहिलं की त्या ढिल्या पडतात. मग लसही नीट लागत नाही.”

“कोंबडीला कसली भीती?”

“खुराड्याच्या डोक्यावर भोंगा कोणी बांधला?”

“मंडळानं.”

“आणि मंडळाचा सेक्रेटरी कोण?”

“आवाज सगळ्या गावात जायला पाहिजे, मथुरा. उंच बांबू तिथंच होता.”

“पहाटेपर्यंत गाणी वाजतात. कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढून बसतात. अंडी तर बंदच झाली.”

“बरं बाई. गेल्या गेल्या भोंग्याचं तोंड फिरवतो.”

“माझं डोकं ठणकत होतं, तेव्हा बोललात, बांबू पक्का बांधलाय, हलणार नाही.”

“तेव्हा डॉक्टरनं कुठं सांगितलं होतं?”

“आता कुठे फिरवणार?”

“खाडीकडे नको, आवाज फुकट जाईल. चंदूच्या घराकडे नको, त्याच्याकडे तान्हं बाळ आहे.”

“मग?”

“आपल्या खिडकीकडे करतो. तिथं काय, तूच तर असतेस.”