नंदूचा मागचा टर्बो

आमच्या रोह्याच्या नंदूला तुझं चुकलं असं म्हटलेलं आजही चालत नाही. पंच्याण्णवच्या सुमारास त्यानं आपल्या जुन्या ट्रकला टर्बो, म्हणजे जोर वाढवायला इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवला. इंजिनाजवळ जागा नव्हती, म्हणून पार मागं, चासीखाली. दाबलेली हवा तिथून लांब पाइपानं इंजिनात यायची. पण भिसे खिंडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी जोर इतक्या उशिरा यायचा, की मागची एसटी आम्हाला टाकून पुढं जायची. दुसऱ्याच दिवशी हमरापूरहून गणपती भरून त्याच खिंडीतनं आणायचे होते. मी त्याला पेणला सॅमसनकाकांच्या गॅरेजात नेलं.

"काका, टर्बो विकणाऱ्यानं फसवलंय," नंदू म्हणाला. "नायतर मेस्त्रीनं इंजिनाचा डिझेलपंप बिघडवलाय."

काकांनी बादलीत साबण कालवला, मला रेस द्यायला बसवलं आणि पाइपाच्या मधल्या जोडावर फेस ओतला. लगेच बुडबुडे फुटायला लागले. हवा तिथनंच निसटत होती.

"हा जोड कुणी आवळला?" काकांनी विचारलं.

"मीच. पण तुम्ही थेट इथंच कसे आलात?"

"तू सगळ्यांवर संशय घेतलास, पाइपाचं नावच काढलं नाय. म्हटलं, तो यानंच बसवला असणार."

काकांनी जोडाची क्लिप बदलून दिली. दुसऱ्या दिवशी गणपती घेऊन ट्रक खिंड सरसर चढला. वर पोचल्यावर नंदू मला शांतपणे म्हणाला, "नवीन टर्बोला रुळायला जरा वेळ लागतोच."